स्पेक्ट्रम ४८के की कमोडोर ६४?
दोन्ही १९८२चे घरगुती संगणक, दोन्ही आजही बंद अवस्थेत विकायला येतात. पहिल्यांदाच दुरुस्तीला हात घालणार असाल तर माझं मत सरळ स्पेक्ट्रमला.

त्याची दुखणी ठरलेली. कीबोर्डखालचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा वाळून तडकतो आणि बटणं मरतात. नवा पापुद्रा मिळतो. फक्त वरचा पत्रा चिकटवलेला असतो, तो घाईत उचकटला की वाकलाच. दुसरं दुखणं ४११६ नावाच्या रॅम (मेमरी) चिप्सचं. त्यांना +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात. वीज पुरवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर गेला की हे व्होल्टेज बिघडतात. म्हणून आधी मल्टिमीटर, मग नव्या चिप्स. आणि हो, ॲडॉप्टरची मधली पिन इथे ऋण असते!

कमोडोरचा कीबोर्ड दणकट, आवाज तर विचारूच नका. त्याच्या सिड या आवाजाच्या चिपला तोड नाही. पण मूळ पॉवर सप्लाय कधीही दगा देतो: ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि रॅम जळते. नव्या सप्लायचा खर्च किमतीतच धरा. कोणत्या वेळी कोणती मेमरी किंवा चिप वापरायची हे ठरवणारी पीएलए चिपही बेभरवशाची. संगीताचं वेड असेल तरच हा घ्या, तोही चालू करून दाखवलेला.