बोस की ओब्राक? फ्रान्समधल्या शेतकरी गावात आठवडा काढायचा तर

पॅरिस बघून झालं, आता आठवडाभर एखाद्या शेतकरी गावात राहायचंय, पण गाव ठरत नाहीये? मग बोस आणि ओब्राक हे दोन मुलूख शेजारी ठेवून बघा. एक गव्हाचा, दुसरा गाईंचा.

बोस जवळ आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनावरून तिथल्या शार्त्र शहराला गाडीने साधारण सव्वा तास. चुनखडीच्या पठारावर वाऱ्याने आणून टाकलेल्या सुपीक मातीचा थर, म्हणून हे फ्रान्सचं धान्याचं कोठार. झाडं तुरळक, चढउतार जवळजवळ नाहीच. एप्रिलच्या शेवटी मोहरीच्या कुळातलं रेपसीड फुलून रानं पिवळी होतात, जुलैत गव्हाची कापणी. शार्त्रच्या कॅथेड्रलची कमीजास्त उंचीची दोन शिखरं कित्येक किलोमीटरवरून पिकातून वर आलेली दिसतात. ते दृश्य सायकलवरून बघावं.

पण माणसं भेटणं अवघड. जुनी शेतघरं आपल्या वाड्यासारखी : मधे चौक, भक्कम दरवाजा, रस्त्याकडे नुसती भिंत. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींचं एकत्रीकरण झालं, शेतं मोठी झाली, यंत्रं आली आणि शेतावरचे हात कमी झाले. दुपारी गावातून फिरलात तर चर्च, पंचायतीची कचेरी आणि पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला स्तंभ, एवढंच भेटेल.

ओब्राक दक्षिणेकडचं, सरासरी हजार मीटरच्या वरचं पठार. आव्हेरों, लोझेर आणि कांताल या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. इथे पीक म्हणजे गवत. बेसाल्ट आणि ग्रॅनाइटच्या दगडांचे गडगे, मधे कुरणं आणि त्यांत डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या दिसणाऱ्या बदामी रंगाच्या गाई. साधारण 25 मेच्या सुमारास, संत युर्बेंच्या दिवशी, त्यांना सजवून, गळ्यात घंटा बांधून वर चढवतात. ऑक्टोबरच्या मध्याला खाली आणतात. पूर्वी गवळी उन्हाळाभर ‘ब्यूरों’ नावाच्या दगडी झोपड्यांत राहून चीज करत. तेच लागिओल चीज; तिथले लोक उच्चार ‘लायोल’ असा करतात.

ताज्या चीजमध्ये बटाटा आणि लसूण घोटून केलेला ‘आलिगो’ इथेच खावा. चमचा उचलला की हातभर तार निघते. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, कारण पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं.

स्पेनमधल्या सांत्यागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला निघालेले यात्रेकरू याच पठारावरून पायी जातात. ओब्राक गावात मध्ययुगात त्यांच्यासाठी आश्रयस्थान होतं आणि धुक्यात, बर्फात वाट चुकलेल्यांसाठी तिथली घंटा वाजवत. अजूनही संध्याकाळी लांब टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसून जेवतात. मला ओब्राक अधिक प्रिय आहे ते यासाठी. जनावर रोज माणूस मागतं, म्हणून इथे कुंपणापाशी कोणीतरी भेटतंच. ‘बाँज्यूर’ म्हणायला मात्र विसरू नका, त्याआधी काही विचारणं उद्धटपणाचं वाटतं.

हाताशी दोनच दिवस असतील किंवा आईवडील सोबत असतील, तर बिनदिक्कत बोसला जा. चार-पाच दिवस असतील आणि गाडी चालवता येत असेल, तर ओब्राक. तिथे बस फार थोड्या, हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ. मेअखेरचा बेत असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या. गाई वर निघतात त्या दिवसांत तिथे गर्दी उसळते.