आय-१३० ऑनलाइन: सोय चांगली, पण कागद आधी जमवा

अमेरिकेबाहेरच्या जोडीदारासाठी आय-१३० (नात्याच्या आधारे ग्रीन कार्डसाठी करायचा पहिला अर्ज) टपालाने पाठवण्यापेक्षा यूएससीआयएस या अमेरिकी स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर भरणं केव्हाही चांगलं. पावती लवकर मिळते, अर्धवट अर्ज ३० दिवस जतन राहतो. पण फाइल चढली म्हणजे कागद पुरेसा आहे असं नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र मराठीत असेल तर शिक्क्यांवरच्या मजकुरासह पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. खाली भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन हवंच: भाषांतर पूर्ण व अचूक आहे, दोन्ही भाषा मला येतात. नोटरीची गरज नाही, उगाच पैसे घालवू नका. आधीच्या लग्नाचा घटस्फोटाचा हुकूमनामा विसरू नका. आय-१३०ए या सोबतच्या पुरवणी अर्जात जोडीदाराचे ५ वर्षांचे पत्ते, नोकऱ्या येतात. लग्न खरं असल्याच्या पुराव्यात फोटोंच्या ढिगापेक्षा संयुक्त खातं, भाडेकरार वजनदार.