कूलरसमोर की तेलात?

ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांची लू. शहरातल्या लष्कर भागातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर माडीवर आहे. दुपारी व्हिडिओ रेंडर लावला की प्रोसेसर ९५ अंशांवर. खोलीतली हवाच तापलेली, तर पंखा बिचारा काय करणार?

फुकटातला उपाय म्हणजे कॅबिनेटचं झाकण काढून ते खसच्या कूलरसमोर ठेवायचं. लू कोरडी असते, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरते. दव धरायची भीती नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरमच असतात. भीती तुषारांची. आमचं बोअरचं पाणी जड. एकदा मदरबोर्डवर पांढरे ठिपके दिसले, नखाने खरवडले तर क्षार! तेव्हापासून कूलर चार फूट मागे. पावसाळ्यात मात्र हा उपाय बाद.

दुसरा उपाय म्हणजे अख्खा मदरबोर्ड मिनरल ऑइलमध्ये बुडवायचा. आई म्हणाली, "भजी तळतोयस का रे?" या तेलातून वीज वाहत नाही, म्हणून शॉर्ट होत नाही. १९८५ च्या क्रे-२ सुपरकॉम्प्युटरचे सर्किटही फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडालेले असत. धूळ नाही, आवाज जवळजवळ नाही. पण तेल उशिरा तापतं तसं निवतंही उशिरा. पंप आणि रेडिएटर नसेल तर संध्याकाळपर्यंत कढईच. हवेचं भोक असलेली हार्ड डिस्क बाहेरच ठेवावी लागते. तेल वायरींवरून वर चढतं ते वेगळंच, आणि रॅम बदलायची तर हात कोपरापर्यंत तेलकट.

मी कूलरवालाच. टाकी भरायची पाळी आईची.