प्रिंट ऑन डिमांडवर पहिलं पुस्तक: सात-आठ महिन्यांनंतरचा हिशोब

साताऱ्यात बसून प्रिंट ऑन डिमांडवर, म्हणजे ऑर्डर येईल तशी प्रत छापून देणाऱ्या कंपनीकडून, पुस्तक काढायचं असेल, तर एक गोष्ट आधीच सांगते. ही सोय लांबच्या वाचकासाठी आहे, गावातल्या दुकानासाठी नाही. माझा पहिला कथासंग्रह गेल्या पावसाळ्यात असा निघाला. डेमी आकार, १६८ पानं, किंमत २५० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

ऑफसेटला, म्हणजे छापखान्यातून एकदम गठ्ठ्याने प्रती छापून घ्यायला, नाही म्हटलं त्याचं कारण सांगलीत आहे. गावभागातल्या एका ओळखीच्या कवींनी पदरमोड करून हजार प्रती छापल्या होत्या. निम्म्याहून जास्त खोक्यांतच होत्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं. त्याच पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली, तिथे एका कवितासंग्रहाचं काय घेऊन बसता! प्रिंट ऑन डिमांडमध्ये ऑर्डर आली की प्रत छापली जाते, त्यामुळे माझ्या घरी खोकी नाहीत आणि पैसेही अडकलेले नाहीत. हा फायदा खराखुरा आहे.

दुसरा फायदा दुरुस्तीचा. एका वाचक बाईंनी शुद्धलेखनाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून पाठवल्या. नवी फाइल चढवली, पुढच्या प्रतींपासून मजकूर नीट. हजार प्रती छापून झाल्या असत्या तर शुद्धिपत्र चिकटवत बसावं लागलं असतं.

त्रास झाला तो देवनागरीचा. आपल्याकडचे डीटीपीवाले अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप करतात, कंपनीला हवा युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारा मजकूर. त्यांच्याच माणसांनी मजकूर बदलून दिला आणि प्रूफमध्ये ‘साताऱ्याच्या’चं झालं ‘सातार्याच्या’. दऱ्या, वाऱ्यावर, म्हाताऱ्या, सगळीकडे रफार डोक्यावर चढलेला. वर ल आणि श हिंदी वळणाचे. कळवलं तर उत्तर आलं, “मॅम, फॉन्ट तर बरोबर दिसतोय.” तक्रार पाहणाऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं! शेवटी इथल्याच एका डीटीपीवाल्या पोराकडून मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट घालून फाइल बांधून घेतली. तेव्हा छापील प्रूफ पैसे भरून मागवाच. पडद्यावरच्या पीडीएफवर विसंबू नका.

छपाई ठीक. टोनरची अक्षरं स्पष्ट येतात, कागदही बरा. कव्हरचा निळा मात्र दर खेपेला वेगळा, आणि एका खेपेत कण्यावरचं नाव चक्क बाजूला सरकलेलं.

आता पैसे. एका प्रतीची छपाई ११५ रुपये. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर विक्री झाली तर उरलेल्या १३५ पैकी वीस टक्के त्यांचे, मला १०८. मोठ्या ऑनलाइन बाजारात झाली तर आधी ४० टक्के म्हणजे १०० रुपये तिकडे, ११५ छपाईचे, राहिले ३५, त्यातले २८ माझे. बंगळूर, नागपूरकडच्या माणसाला घरबसल्या पुस्तक मिळतं, त्यामुळे २८ चंही वाईट वाटत नाही. वाटतं ते इथल्या राजपथावरच्या पुस्तकांच्या दुकानात. “मॅडम, चाळीस टक्के कमिशन, विकलं तर पैसे, नाहीतर प्रती परत न्या.” बरोबरच आहे, पुस्तकाच्या धंद्याची रीतच ती. पण कुरिअर धरून प्रत मला १३० ला पडते आणि दुकानाकडून येणार १५०. त्यात परत आलेल्या प्रती कंपनी घेत नाही. वाचनालयाला पंचवीस टक्के सूट आणि रीतसर बिल लागतं, ते तरी जमतं.

जानेवारीत ९९ वं साहित्य संमेलन साताऱ्यातच झालं. त्यासाठी पन्नास प्रती मागवल्या तर दर जवळपास तोच. ऑफसेटला प्रती वाढल्या की प्लेट आणि जुळणीचा खर्च वाटला जाऊन दर उतरतो. इथे प्लेटच नाही, मग उतरणार काय? स्टॉलवर लोक पुस्तक चाळतात, किंमत बघतात, “संमेलनात काही सूट?” विचारतात. देणार कुठून?

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचं, तेवढं ऐका. कंपनी देते तो फुकट क्रमांक घेतला की प्रकाशक म्हणून तीच नोंदली जाते. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, तोही विनाशुल्क. कागदपत्रं लागतात, धीरही लागतो. मी तोच मार्ग घेतला. मग प्रकाशक आपणच, म्हणून १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय धरून चार ग्रंथालयांना प्रती पाठवणंही आपल्याच अंगावर.

क्रमांक माझा असल्यामुळे आता दोन्हीकडे हात आहे. ऑनलाइन पान तसंच चालू ठेवलंय. दुकानं आणि वाचनालयांसाठी दोनशे प्रती इथल्याच एका छापखान्यात टाकल्यात, प्रतीला दर ८५ रुपये ठरलाय. पहिला फॉर्म, म्हणजे पानांचा पहिला ताव, छापून झाला की मला बोलावणार आहेत. रफार मीच तपासणार.