वरुडचे विमा सल्ला कार्यालय : युरोपात राहायला जाणाऱ्यांसाठी एक अनुभव

वरुडच्या बसस्थानकाजवळ एका विमा सल्लागारांचे छोटेसे कार्यालय आहे. पीकविम्याच्या दिवसांत तेथे संत्रा बागायतदारांची गर्दी असते, पण माझे काम वेगळे होते. माझ्या पुतणीचे लग्न गोव्याच्या मुलाशी झाले असून, १९६१ पूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्या आजोबांमुळे त्याला पोर्तुगीज नागरिकत्व मिळाले आहे. तो आयर्लंडमध्ये शिकतो आणि तिला त्याच्याकडे कायमचे राहायला जायचे आहे.

आधी दुसऱ्या एका एजंटाने "युरोपला हीच लागते" असे सांगून तिच्या गळ्यात ३०,००० युरोंची प्रवास पॉलिसी मारली होती. वरुडच्या सल्लागारांनी ती पहिल्या पानापासून वाचली, "आकस्मिक आजार" या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि कागद आमच्याकडे वळवला. ३०,००० युरोंची अट शेंगेन व्हिसाची (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची) आहे आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले.

त्यांनी पुढे जे समजावले, त्यासाठीच हा अभिप्राय लिहीत आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार संघातील नागरिकाला, म्हणजे आमच्या पोर्तुगीज जावयालाही, दुसऱ्या सदस्य देशात पहिले तीन महिने विनाअट राहता येते. त्यानंतर मात्र तो नोकरी वा व्यवसाय न करता शिकत असेल, तर स्वतःचा व कुटुंबाचा खर्च भागेल एवढा पैसा आणि केवळ आकस्मिक आजारांपुरता नसलेला, सर्वांगीण आरोग्य विमा त्याच्याकडे असावा लागतो. बायकोचा राहण्याचा हक्क नवऱ्याच्या हक्कावर टिकून असल्यामुळे विमा दोघांचाही हवा. सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मिळतो, पण मध्ये विमा नसेल तर तो काळ हिशेबात धरण्यावरून वाद होतो आणि सरकारी भत्तेही अडतात. ब्रिटनमधील एका आईचे असे भत्ते अडले होते. तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेत मोफत समावेश झाला असेल तर विम्याची अट पूर्ण होते, असा निकाल युरोपीय न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये दिला. जावयाने खरीखुरी नोकरी धरली, मग ती अर्धवेळ का असेना, तर कामगार म्हणून त्याला ही विम्याची अट लागू राहत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

त्यांनी आम्हाला एकही पॉलिसी विकली नाही. आयर्लंडमध्येच दोघांच्या नावाने विमा घ्या आणि एक दिवसही खंड पडू देऊ नका, एवढे सांगून सल्ल्याचे पाचशे रुपये घेतले. ते मला अजिबात जड वाटले नाहीत.

उणीव म्हणाल तर बसायला दोनच खुर्च्या आहेत आणि वीज गेली की झेरॉक्स बंद पडते. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि असेल ती पॉलिसी यांच्या प्रती घरूनच काढून न्याव्यात आणि शक्यतो सकाळी जावे.