अकरा महिने प्लेअर पियानो, आणि त्यातला एक एफ

अकरा महिन्यांपूर्वी शिकागोच्या उपनगरातल्या एका घरातून १९२० च्या दशकातला उभा प्लेअर पियानो आणला. पियानोचे १५० डॉलर, उचलून आणणाऱ्यांचे ४२५. भोकं पाडलेल्या कागदाचा रोल लावायचा, पायाने भाता मारायचा, पट्ट्या आपोआप वाजतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी तो घेतला एकाच कारणासाठी: झेझ कॉन्फ्री या अमेरिकन पियानोवादक-संगीतकाराचं ‘किटन ऑन द कीज’ घरात वाजावं. आणि लिहायला बसलो तेही त्याच्याचपायी, कारण सात महिने ते धड वाजत नव्हतं.

दोष एका पट्टीचा. मधल्या सी या सुरापासून उजवीकडे दुसऱ्या सप्तकातला एफ हा सूर. हाताने वाजवला तर स्वच्छ. संथ वॉल्ट्झचा रोल लावला तरी काही कळायचं नाही. ‘किटन’ लावलं की मात्र हा एफ पहिल्यांदा वाजायचा आणि पुढचे दोन-तीन वेळा गप्प बसायचा. एका पट्टीसाठी एवढा जीव काढायचा का, असं बायकोने विचारलं. तिचं चूक नव्हतं. ८८ पट्ट्यांपैकी ८७ ठीक होत्या. पण हे संगीत कसं बांधलंय ते ऐकलं की मला काय खुपत होतं ते कळेल.

या वादनाला अमेरिकेत नॉव्हेल्टी पियानो म्हणतात. रॅगटाइम या जुन्या अमेरिकन पियानोशैलीच्या पोटातून आलेलं, जॅझच्या काळातलं. फेलिक्स आर्न्टचं ‘नोला’ १९१५ चं, कॉन्फ्रीचं ‘किटन’ १९२१ चं, ‘डिझी फिंगर्स’ १९२३ चं. डावा हात चारच्या ठेक्यात ठाम चालतो. उजवा हात तीन-तीन सुरांचा तुकडा घेऊन त्या ठेक्यावरून सरकत जातो. त्यामुळे जोर दर वेळी नव्या जागी पडतो. मांजराचं पिल्लू पट्ट्यांवरून चालताना पाय घसरतोय असं वाटतं, आणि तोल काही जात नाही. आजीच्या घरी मांजर पियानोवरून चालताना ऐकलं त्यावरून कॉन्फ्रीला हे सुचलं असं सांगतात. माझी मुलगी तबला शिकते. तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातावर टाळी-खाली धरली आणि म्हणाली, “बाबा, हा सारखा समेला चुकवतोय, पण मुद्दाम.” इतकं नेमकं मला वर्षभरात सांगता आलं नव्हतं.

आता त्या तीनच्या तुकड्यातला एक सूर गळाला की काय होतं बघा. जोर कुठे सरकला तेच कळत नाही. घसरण्याची गंमत जाते आणि नुसतं अडखळणं उरतं. शोकगीतात एक सूर राहिला तर चालून जाईल. इथे नाही चालत.

तिसऱ्या महिन्यात एक दुरुस्ती करणारा बोलावला. नाव लिहीत नाही. त्याने दार उघडून आत टॉर्च मारला, एक रोल अर्धा ऐकला आणि सांगितलं, सगळा संच बाहेर काढून पट्टीगणिक एक असे आतले ८८ च्या ८८ छोटे भाते नव्याने मढवावे लागतील, ४,८०० डॉलर. मी म्हटलं, बिघडलाय एक, मग ८८ कशासाठी? म्हणे, बाकीचेही जाणारच आहेत. भेटीचे १४० घेऊन गेला. त्या एफला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. एखादा माणूस महाग असेल तर माझी तक्रार नाही. पण दुखणं न बघता औषध लिहून देणाऱ्याची आहे.

त्या रागात दोन महिने पियानो बंद होता. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: “रोल म्हणजे निर्जीव. सगळे सूर एका जोराचे. उगाच पैसे घातले.” हे मत आता मागे घेतो, आणि का ते सांगतो.

माझे आजोबा भजनाला पायपेटी वाजवायचे. त्यांचा पाय कधी घाईत नसायचा. जिथे शब्द उचलायचा तिथे टाच किंचित जोरात यायची, एवढंच. मी इथे पहिले पाच महिने शिवणयंत्र चालवल्यासारखे पाय मारत होतो. एका रविवारी पाय सावकाश केले आणि डाव्या हाताच्या पहिल्या ठोक्याला थोडा झटका दिला. तो ठोका उठून आला! भात्याने हवा ओढण्याचा जोर वाढला की हातोडी जोरात बसते, साधी गोष्ट आहे. सूर कुठला आणि कधी हे कागद ठरवतो, किती जोरात हे पाय ठरवतात. मग मी कॉन्फ्रीने स्वतः वाजवलेल्या जुन्या रेकॉर्ड शेजारी ठेवून ऐकायला लागलो. रेकॉर्डवर माणूस आहे, दहा बोटं आहेत. रोलवर जादा भोकं पाडून सूर वाढवता येत, त्यामुळे तिथे दोन हातांत न मावणारा भरगच्चपणा येतो. दोन्ही हवेत. एकच ठेवायचं झालं तर मी रेकॉर्ड ठेवेन, पण पाय हलवायचं सुख रेकॉर्डमध्ये नाही.

आता मूळ मुद्दा, एफ कसा सुधारला.

रोलवर ‘टेम्पो ७०’ छापलेलं असतं म्हणजे कागद मिनिटाला सात फूट सरकतो. मी वेगाची तरफ पार ३० वर आणली, वरचं दार काढलं आणि फक्त एफच्या हातोडीकडे बघत बसलो. भोक आलं, हातोडी तारेवर आदळली. भोक गेलं, पण यंत्रणा खाली यायला रेंगाळली. ती अर्धवट उतरलेली असतानाच पुढचं भोक आलं, मग ठोका बसणार कसा? म्हणजे सूर मेलेला नव्हता, सुटत नव्हता. संथ गाण्यात त्याला खाली यायला वेळ मिळायचा, म्हणून तिथे दोष दिसायचा नाही.

कारण असं. कागदाचं भोक त्याच्यामागच्या पितळी पट्टीवरच्या भोकासमोर आलं की नळीतून हवा आत जाते, झडप उचलली जाते, छोटा भाता मिटतो आणि हातोडी उडते. भोक सरकल्यावर नळीत अडकलेली हवा एका सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून शोषली जाते, तेव्हा झडप खाली बसते. ते छिद्र कागदाच्या पिंजाने बुजलं होतं. पितळी पट्टीवर लावून कचरा ओढून घ्यायचा हातपंप मिळतो, मला चाळीस डॉलरला पडला. पहिल्या खेपेला राखाडी कापसासारखा पुंजका आला आणि एफ निम्मा सुधारला. बाकीचं काम नळी काढून, छिद्र बारीक तारेने हलक्या हाताने मोकळं करून झालं. एक संध्याकाळ गेली. मग ८८ ही भोकांना पंप लावून घेतला. आधी करायला हवं होतं ते हेच.

बाकी थोडक्यात. हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी होते आणि कागद आकसतो. कागद डावी-उजवीकडे सरकू न देणारी मार्गपट्टी दर डिसेंबरात नीट करावी लागते. जुने रोल घेताना कडा बघा, एकदा चिरल्या की शेजारचे सूर वाजायला लागतात. सूर लावणारा वेगळा माणूस आहे, चांगला आहे, त्याचे पैसे योग्य.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये वाद्यवृंदप्रमुख पॉल व्हाइटमनच्या ज्या कार्यक्रमात गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ पहिल्यांदा वाजली, त्याच मंचावर कॉन्फ्रीने ‘किटन’ वाजवलं होतं. गर्श्विन शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. कॉन्फ्री इथल्याच इलिनॉयमधल्या पेरू गावचा, शिकागोत शिकलेला, क्यूआरएस या रोल बनवणाऱ्या कंपनीसाठी रोल करणारा. आणि माझ्या ऑफिसात जन्मभर या राज्यात राहिलेल्यांपैकी एकालाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मे महिन्यात चौघांना घरी बोलावून ऐकवलं. त्यातल्या एकाने रोल तीनदा लावायला लावला.

सध्या ‘डिझी फिंगर्स’च्या चांगल्या कडांच्या रोलच्या शोधात आहे. आणि त्या दुरुस्तीवाल्याला हातोडीचा व्हिडिओ पाठवून १४० डॉलर परत मागितलेत. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.