लावण तिथी बघून करावी, की घात बघून?

सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावायच्या उसाची लावण तोंडावर आली की कोल्हापूरकडच्या शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात एक प्रश्न हमखास निघतो: रान तयार आहे, पण कृष्ण पक्ष चालू आहे, शुक्ल पक्षापर्यंत थांबायचं का? माझं मत आधीच सांगतो, थांबू नका; घात, म्हणजे मातीतली लावणीजोगी ओल बघा.

तिथीवाल्यांचं म्हणणं असं, की चंद्र समुद्राला भरती आणतो, मग झाडातला रसही तोच चढवत असणार. पण भरती येते ती चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या अंगाला कमी-जास्त पडते म्हणून, आणि त्या दोन अंगांत सुमारे १२,७०० किलोमीटरचं अंतर आहे. उसाच्या बुडख्यापासून वाढ्यापर्यंत, म्हणजे शेंड्यापर्यंत तीन-चार मीटर. तेवढ्यात फरक पडून पडणार किती? चांदण्याचं म्हणाल, तर भर दुपारचं ऊन पौर्णिमेच्या उजेडाच्या सुमारे चार लाख पट असतं.

झाडात पाणी चढतं ते पानांच्या जोरावर. पानातून वाफ जाते आणि तिच्यामागे मुळापासूनचा पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो, हे डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ साली मांडलं. ही ओढ दुपारी जोरात, रात्री मंद. परसातल्या अळूच्या पानाच्या टोकाला पहाटे लोंबणारा थेंब पुष्कळदा दव नसतोच, मुळांनी रात्रभर वर ढकललेलं पाणी असतं. रान ओलं आणि हवा दमट असली की तो अमावास्येलाही दिसतो.

तिथीच्या बाजूने एक नोंद मात्र दखल घेण्याजोगी आहे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या खोडाची जाडी भरती-ओहोटीच्या तालात कमी-जास्त होते, असं १९९८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. त्यावर आक्षेपही आले. खरं धरलं तरी तो बदल मिलिमीटरच्या बारीक अंशाचा आहे. उगवण किंवा उतारा वाढल्याचं त्यात काही नाही.

आता घात. मूठभर माती दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर घात आली. तसाच चिकट राहिला तर औत घालू नका, काळ्या रानात नुसती ढेकळं निघतील. पाणी साचलं तर लावलेली कांडी कुजून नांगे, म्हणजे उगवणीत मोकळ्या जागा पडतील. थंडीही बघा, २० अंशांच्या खाली कांडीवरचा डोळा (कोंब) फुटायला फार वेळ घेतो. घात आणि ऊब दोन्ही असताना पंधरवडा घालवला, तर लावण फेब्रुवारीच्या पुढे सरकते आणि फुटव्यांना उन्हाळा गाठतो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या उसाला तर जुलै-ऑगस्टात पावसानं दिलेली दोन दिवसांची उघडीप दवडणं परवडतच नाही. घरातल्या मोठ्यांचा शब्द राखायचा असेल तर मुहूर्ताच्या पाच कांड्या त्यांच्या तिथीला लावा, बाकी रान घातीवर.

चंद्र बघायचाच तर किडींसाठी बघा. पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यात पतंग कमी पडतात, चांदण्यात दिवा फिका पडतो म्हणून. त्या दिवसांत सापळा रिकामा दिसला तरी उसाचे पोंगे, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळ्या तपासा. हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे भुंगेरे मात्र पावसावर निघतात. पहिला वळीव पडला की त्याच संध्याकाळी कडुनिंब-बाभळीखाली काठी आणि रॉकेल घातलेल्या पाण्याची बादली घेऊन हजर राहा, तिथी कुठलीही असो.